चौबळांचा कावळा

नाव परशुराम, आणि जन्मात कधी मुंगी मारलेली नाही. मारणार कशी? मुंगी दिसली की परशुरामपंत चौबळ अंगणात पालथे पडून तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. कल्याणच्या मामलेदार कचेरीतला कारकून, वय चाळिशीकडे झुकलेलं, डोक्यावर पागोटं, आणि माणूस अंगणात पालथा. शेजारच्या सगुणाकाकू भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "आवडाबाई, परशूला बरं नाही का?" आणि आवडाबाई, म्हणजे परशुरामपंतांच्या मातोश्री, तांदळातले खडे वेचता वेचता सांगायच्या, "बरा आहे. किडा बघतोय."

इथवर सगळं ठीक होतं. किडा बघायला सरकारची मनाई नाही, आणि त्याने कुळाला बट्टाही लागत नाही. पण अठराशे अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्याआधी रेल्वेचा एक गोरा इंजिनियर विलायतेला परत गेला आणि जाताना आपलं फोटो काढायचं यंत्र परशुरामपंतांच्या गळ्यात मारून गेला. लाकडी पेटी, पितळी नळीत बसवलेलं भिंग, कातड्याचा भाता, तीन लाकडी पाय आणि एक लांबलचक रबरी नळी. नळीच्या टोकाला लिंबाएवढा फुगा. तो दाबला की भिंगामागची पापणी उघडून मिटायची, आणि समोर जे असेल ते आतल्या काचेवर उतरायचं. काचा मुंबईहून यायच्या, काळ्या कागदात गुंडाळून, काळ्या डब्यात बंद. लाल कंदिलाशिवाय दुसऱ्या कुठल्याही उजेडात तो डबा उघडायचा नाही, अशी सक्त ताकीद. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. चौबळांच्या घरात ती कोणी ठेवली नाही.

आता असं यंत्र हाती आल्यावर शहाण्या माणसाने मुकाट्याने सासऱ्याची तसबीर काढावी, चौकटीत घालून भिंतीवर टांगावी आणि जन्मभर जावयाचा मान घ्यावा. परशुरामपंतांना हवी होती पाखरं. तीही रानातली, जिवंत, आणि इतक्या जवळून की डोळ्यातली बाहुली दिसावी. पाखरू न मिळालं तर किडा चालेल, पण तोही जिवंत. आता ह्या छंदाला औषध नाही असं म्हणून घरच्यांनी सोडून दिलं असतं, पण श्रावणात वाचनालयाची सभा झाली आणि तिथे परशुरामपंतांची जीभ टाळ्याला लागली.

त्या सभेत रावसाहेब फणसे यांनी वाचनालयाला एक काचेची पेटी नजर केली. पेटीत त्यांनी स्वतः मारलेली पाखरं भुसा भरून ठेवली होती : ढोक, बगळा, खंड्या, पोपट आणि एक घुबड, जे जिवंतपणी कधीच इतकं मूर्ख दिसलं नसेल. रावसाहेब म्हणजे पेन्शन घेतलेले मामलेदार. नोकरीत असताना दोन गोष्टींसाठी त्यांचं नाव जिल्हाभर झालं होतं, बंदुकीने पाखरं पाडणं आणि शेरा मारून कागद परत पाठवणं. परशुरामपंत त्यांच्या हाताखालीच नोकरीला लागले. त्यांनी स्वतःच्या लग्नासाठी रजा मागितली तेव्हा अर्ज परत आला होता, आणि त्यावर लाल शाईत शेरा होता, 'कारण समाधानकारक नाही.' चांगला मुहूर्त सोडून बिचाऱ्याने रविवारी लग्न उरकलं. त्यांची बायको गोदाबाई ते अजून विसरली नव्हती.

तर रावसाहेब म्हणाले, "चौबळ, तुमचं ते यंत्र आणा आणि ह्या पाखरांच्या तसबिरी काढा. जिवंत पाखरू तुमच्यासाठी खुर्चीत बसून राहणार नाही. आधी गोळी, मग फोटो. हीच त्यातली पद्धत."

सगळे हसले. परशुरामपंतांकडे त्या दिवशी पानसुपारीचं तबक फिरवायचं काम होतं. ते तबक हातात धरूनच ते थांबले आणि बोलून गेले, "रावसाहेब, मेलेल्याचा फोटो काढायला फोटोग्राफर कशाला हवा, सुतार पुरे. दसऱ्याच्या समारंभात मी जिवंत पक्ष्याची तसबीर इथे मांडीन. आपल्या मर्जीने बसलेल्या पक्ष्याची. नाही मांडली तर यंत्र तुमच्या हवाली. मग घुबडाचे काढा की भुशाचे काढा."

"लिहून घ्या रे," रावसाहेब शांतपणे म्हणाले. तबकातला विडा उचलून त्यांनी तोंडात घातला, आणि परशुरामपंतांना आपण काय बोलून बसलो ते तेव्हा उमगलं.

घरी आल्यावर गोदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, हे परशुरामपंतांना जास्त भीतीदायक वाटलं. मग यंत्रामागे डोक्यावर घ्यायला काळं कापड हवं अशी गोष्ट निघाली. भिंगातून नीट दिसायला मागे अंधार लागतो.

"घरात काळं एकच आहे," गोदाबाई म्हणाल्या. "माझी संक्रांतीची चंद्रकळा."

"तीच दे."

"देते. पण ऐकून ठेवा. ज्या माणसाने माझा मुहूर्त चुकवला त्याच्या दारात माझी चंद्रकळा जाता कामा नये. हरलात तर यंत्र नेऊन द्या आणि तिकडेच राहा."

म्हणजे आता अब्रू, यंत्र आणि संसार असं सगळंच एका पाखरावर येऊन टेकलं. परशुरामपंतांनी हात जोडून चंद्रकळा घेतली.

सुरुवात किड्यांपासून करावी असं त्यांनी ठरवलं, कारण किडे परसातलेच, ओळखीचे. पडवळाच्या वेलावर एक नाकतोडा रोज सकाळी यायचा. परशुरामपंतांनी भाता ताणला, यंत्र वेलापाशी नेलं, चंद्रकळेत शिरले, फुगा दाबला. संध्याकाळी कोठीच्या खोलीत लाल कंदील लावून काच औषधात धुतली, तर पडवळाचं पान असं उमटलं होतं की शीर न् शीर मोजून घ्यावी. नाकतोडा नव्हता. दुसऱ्या काचेवर नाकतोड्याच्या तंगड्या होत्या, बाकीचा नाकतोडा उडी मारून गेला होता. आवडाबाईंनी काच उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाल्या, "परशू, तंगड्या मात्र हुबेहूब." आईच ती, तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

आणि सल्ले! मराठी माणसाकडे एक वेळ पाणी मागितलं तर उशीर होईल, पण सल्ला न मागता मिळतो. समोरचे गुरुदत्त वैद्य येऊन म्हणाले, "दाण्यांना अफूचं बोट लावा. पाखरू असं डोलत बसेल की तुम्ही जेवून या." परशुरामपंत म्हणाले, "आपल्या मर्जीने बसलेला हवा, वैद्यबुवा. अफू खाल्लेला नको." वैद्यांना राग आला. आजवर त्यांच्या अफूला कोणी नाव ठेवलं नव्हतं. सगुणाकाकूंचं म्हणणं असं की भारद्वाज दिसणं शुभ असतं, तेव्हा भारद्वाजाचाच फोटो काढावा, आणि तो त्यांच्या दाराकडे तोंड करून टांगावा. पोस्टातल्या एका गृहस्थांनी तर सुचवलं की रावसाहेबांच्या पेटीतलाच खंड्या रात्रीपुरता उसना आणून झाडावर बांधावा. परशुरामपंत त्यांच्याशी नंतर आठ दिवस बोलले नाहीत. हरायला ते तयार होते, लबाडीला नव्हते.

भाद्रपद लागला तसे ते सुट्टीच्या दिवशी शहाडला उल्हास नदीच्या काठी जाऊ लागले. यंत्र खांद्यावर, चंद्रकळा काखेत. तिथे पाण्यातल्या एका खुंटावर खंड्या येऊन बसायचा. जागा होती काळुराम पाटलाच्या शेताच्या बांधावर, आणि काळुरामाची परवानगी फुकट नव्हती.

"भाऊ, पाखरांचा फोटू कशाला काढताव?" तो म्हणाला. "पाखरां कोनाची झाली? माझे बैल बगा. जागचं हलनार नय. आधी त्यांचा काढा, मंग बसा हितं."

बैल खरंच हलले नाहीत. पण फुगा दाबायच्या वेळी शेजारी उभ्या काळुरामाने मान वळवून त्यांना 'उभं रावा' असं बजावलं. काचेवर बैल उत्तम आले आणि काळुरामाला दोन तोंडं आली. ती तसबीर पाहून त्याच्या बायकोने, लक्ष्मीने, जेवण सोडलं. त्यात दोन दिवसांनी एक बैल खाईना. मग काळुरामाने फोटोचं नाव काढायचं नाही असं ठरवलं, आणि बांधावर येऊन बसणाऱ्या कारकुनाला आपण ओळखतो हेही गावात सांगायचं नाही असं ठरवलं. पुढचा सगळा घोटाळा ह्यातून झाला.

परशुरामपंत इकडे करंजाच्या झाडाखाली चंद्रकळा डोक्यावरून पायापर्यंत पांघरून खंड्याची वाट बघत उभे राहायचे. तास तास हलायचे नाहीत. खंड्या यायचा, चंद्रकळेकडे बघायचा आणि फुगा दाबायच्या आत मासा घेऊन निघून जायचा. घरी काच धुतली की खुंट दिसायचा. असे बरेच खुंट जमले. आणि नदीवर पाण्याला येणाऱ्या बायकांना काय दिसायचं? करंजाखाली उभी असलेली एक बाई. काळी चंद्रकळा नेसलेली. डोकं नाही. पाय पाच.

शहाडच्या हडळीची बातमी कल्याणात भाजीबरोबर आली. गोदाबाईंना ती मेथीवालीने सांगितली. हडळ पाच पायांची आहे, पोटातून एक लांब साप काढून हातात धरते आणि सापाचं डोकं दाबते, एवढा तपशील होता. गोदाबाईंनी रबरी नळीकडे पाहिलं, चंद्रकळेकडे पाहिलं आणि मेथी परत केली.

चार दिवसांनी मामलेदार कचेरीत गावकऱ्यांचा अर्ज आला, आणि तो आवकजावकीच्या रिवाजाने नेमका परशुरामपंतांच्याच टेबलावर येऊन पडला. नदीकाठी हडळ फिरते, सरकारने बंदोबस्त करावा. खाली अंगठे. पहिला अंगठा काळुरामाचा होता, आणि हडळ आपण जातीने पाहिली असंही त्याचंच निवेदन होतं. परशुरामपंतांनी अंगठे मोजले. अर्ज दाबून टाकता आला असता. पण कागद दाबणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तो त्यांनी रीतसर पुढे पाठवला, आणि मामलेदारांनी हुकूम केला की चौबळ यांनी चौकशी करून अहवाल द्यावा.

त्यांनी दिला. तो अहवाल असा : 'हुकुमाप्रमाणे चौकशी केली. सदरहू हडळ म्हणजे खाली सही करणारच असल्याचे दिसून येते. पाच पायांपैकी तीन लाकडी असून यंत्राचे आहेत. बाकीचे दोन सरकारी नोकराचे आहेत. साप रबरी आहे. चंद्रकळा खाजगी आहे.'

मामलेदारांनी तो कागद बराच वेळ वाचला. मग हुकूम लिहिला : 'खाली सही करणाराने पुढील हुकूम होईपर्यंत नदीकाठी हडळ होऊ नये.' हुकूम झाला. शहाड बंद, नदी बंद, खंड्या बंद. आणि कचेरीतली गोष्ट कचेरीत राहिली असती तर ते कल्याण कसलं? संध्याकाळी पारनाक्यावरून जाताना रावसाहेब ओट्यावरून म्हणाले, "काय चौबळ, हल्ली नेसता म्हणे?"

परशुरामपंत थांबले. पागोटं नीट केलं. "नेसतो," ते म्हणाले. "पण रावसाहेब, पाखरू माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन बसतं. तुम्हाला बघून तर कावळाही उडतो."

हे बोलणं जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. अख्ख्या गावाला ठाऊक होतं की पितृपंधरवड्यात रावसाहेबांच्या वडिलांच्या तिथीला परसात पान ठेवतात आणि त्या पानाला कावळा शिवत नाही. बाकीच्यांच्या पानांवर कावळ्यांची मारामारी व्हायची आणि रावसाहेबांचा खीर-वड्यांचा घास संध्याकाळपर्यंत तसाच राहायचा. शेवटी तो गाईला घालायचे. कावळे बंदूक विसरत नाहीत. रावसाहेब ओट्यावरून उठून घरात गेले.

नवरात्र बसलं. परशुरामपंतांनी आशा सोडली असं वाटण्यासारखी परिस्थिती होती, पण त्यांनी सोडली नाही. अष्टमीच्या संध्याकाळी ते परसातून यंत्र घेऊन परतले. भोपळ्याच्या फुलातला भुंगा टिपण्यासाठी भाता पुरता ताणला होता, काच आत बसवली होती, पण उजेड गेला. "उद्या सुट्टी. उद्याचा अख्खा दिवस आहे," ते गोदाबाईंना म्हणाले. "डब्यात अजून काचा आहेत. शेंडी तुटो वा तुटो पारंबी, मी काढणार." आणि यंत्र तसंच ताणलेलं ओसरीवर ठेवून ते जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी होती खंडेनवमी. ज्याने त्याने आपली हत्यारं पुजायची. परशुरामपंत सकाळी झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले आणि परत आले तेव्हा अंगणात पूजा मांडलेली होती. विळी, अडकित्ता, उखळ, दौत, लेखणी. मधोमध पाटावर, तीन पायांवरून उतरवलेलं यंत्र, गळ्यात माळ. भोवती रांगोळी. आणि भिंतीला टेकवून, लख्ख उन्हात, ओळीने मांडलेल्या मुंबईच्या काचा. प्रत्येकीला हळद, प्रत्येकीला कुंकू, प्रत्येकीवर अक्षता.

परशुरामपंत तिथेच खाली बसले.

"वर्षाचा सण," आवडाबाई म्हणाल्या. "विळीला हळदकुंकू आणि तुझ्या काचांना अंधारकोठडी? त्यांनी काय पाप केलंय? कागदात कोंडून ठेवल्या होत्यास. बाहेर काढल्या, पुसल्या. कसल्या मेल्या दुधाळ झाल्या होत्या."

"मी म्हटलं होतं, विचारू या," गोदाबाई दारातून हळूच म्हणाल्या.

"आई," परशुरामपंत म्हणाले, "त्या आंधळ्या झाल्या गं."

"आंधळ्या कशाने होतील? एवढा उजेड दाखवला."

ह्यावर रागवावं तरी कसं? सणाचा दिवस, आईचे हात हळदीने पिवळे झालेले, आणि तिने जे केलं ते मायेनेच केलेलं. परशुरामपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी झेंडूच्या टोपलीआड लपवलं. उद्या दसरा. मुंबईहून नव्या काचा येणं शक्य नव्हतं. मग एकाएकी त्यांना आठवण झाली. एक काच यंत्रात होती. काल संध्याकाळची, भुंग्यासाठी बसवलेली. आईने भिंगाच्या पितळेला हळद लावली होती, भिंगाच्या काचेलाही वरच्या अंगाला कुंकवाचं बोट टेकवलं होतं, पण पेटी उघडली नव्हती.

ते यंत्राकडे धावले. आवडाबाई आडव्या आल्या.

"पूजेला बसलंय ते. उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही. आज हत्यार चालवायचं नाही, परशू. तुझे वडीलसुद्धा आज लेखणी धरत नसत."

"हलवत नाही. नुसता हात लावू दे."

"आंघोळ करून सोवळं नेसून ये. मग लाव."

परशुरामपंतांनी विहिरीवर पुन्हा आंघोळ केली. सोवळं नेसले. ओल्या अंगाने येऊन यंत्राला नमस्कार केला आणि नमस्कार करता करता काचेपुढची लाकडी फळी वर ओढून घेतली. आता नुसता फुगा दाबायचं काम उरलं. पण कोणासमोर? यंत्र पाटावर खिळलेलं, तोंड अंगणाकडे. समोर भोपळा नाही, फूल नाही, भुंगा नाही. तेवढ्यात आवडाबाईंनी केळीच्या पानावर नैवेद्य आणला. वरणभात, पुरण आणि वर एक वडा. तो त्यांनी भक्तिभावाने यंत्राच्या पुढ्यात ठेवला. भाता ज्या अंतरासाठी ताणला होता, बरोबर त्या अंतरावर. आता ह्याला योगायोग म्हणा की कुलस्वामिनीची कृपा म्हणा, आवडाबाईंनी मरेपर्यंत कृपाच म्हटलं.

"सगळ्यांनी घरात जा," परशुरामपंत पुटपुटले. फुगा हातात घेऊन, नळी रांगोळीवरून सोडून, ते सोवळ्यानिशी तुळशीवृंदावनाच्या मागे पालथे पडले. भिंतीवरून सगुणाकाकूंचं डोकं आलं.

"आवडाबाई, परशूला..."

"शूऽ," आतून गोदाबाईंचा आवाज आला. "बरे आहेत."

कावळा आधी कौलावर आला. मान वाकडी करून त्याने माळ घातलेलं यंत्र पाहिलं. चंद्रकळा नव्हती, बंदूक नव्हती, माणूस दिसत नव्हता. तो भिंतीवर उतरला, मग पाटाच्या कडेवर, मग पानाशी. वडा उचलला. आणि उडून जायच्या ऐवजी, समोरच्या पितळी डोळ्यात कोणीतरी दुसरा कावळा दुसरा वडा धरून बसलाय, हे त्याला दिसलं. तो ताठ झाला. एक पाय पुढे टाकून त्याने त्या परक्याच्या डोळ्याला डोळा भिडवला.

परशुरामपंतांनी फुगा दाबला.

त्या संध्याकाळी कोठीत लाल कंदिलासमोर काच औषधात पडली तेव्हा चौबळांचं अख्खं घर वाकून बघत होतं. आधी चोच आली. मग वडा. मग डोळा, आणि डोळ्यात बाहुली. कुंकवाच्या बोटाने मात्र आपलं काम केलं होतं. कावळ्याच्या डोक्याभोवती एक धुरकट उजळ वलय उमटलं होतं, देवाच्या मागे प्रभावळ असते तसं. परशुरामपंत म्हणाले, "हे बिघडलं." गोदाबाई म्हणाल्या, "काही बिघडलं नाही. छान आहे. हेच न्या."

दसऱ्याला वाचनालय भरलं होतं. सण म्हणून बायकाही ओसरीवर आल्या होत्या. रावसाहेबांनी यंत्र उचलून न्यायला दोन हमाल आणून दाराशी उभे केले होते. परशुरामपंत बोलीप्रमाणे यंत्र घेऊनच आले आणि कागदावर उतरवलेली तसबीर त्यांनी काचेच्या पेटीशेजारी टेकवून ठेवली. सगळे वाकले.

"कावळा," गुरुदत्त वैद्य म्हणाले, आणि हशा झाला.

"चौबळ, पक्ष्याची बोली होती," रावसाहेब म्हणाले. "कावळे काय उकिरड्यावर पैशाला पासरी. हमाल, उचला ते यंत्र."

परशुरामपंतांचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढला. "थांबा. कावळ्याला पंख आहेत, म्हणजे तो पक्षी. जिवंत आहे, आणि आपल्या पायाने आला. मी त्याला बांधला नाही, अफू दिली नाही, गोळी घातली नाही. तुमच्या पेटीत ढोक आहे, घुबड आहे. कावळा आहे का? रोज उकिरड्यावर असतो म्हणता, मग तुम्हाला एक तरी का मिळाला नाही? सगळ्या पाखरांत शहाणं पाखरू तेवढं ह्या तसबिरीत आहे, रावसाहेब. बाकीची पेटीत आहेत. आणि माझं यंत्र कोणी उचलायचं नाही."

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते जागचे हलले नाहीत. तेवढ्यात ओसरीवरच्या सगुणाकाकू पदर सावरत आत आल्या, तसबिरीपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांनी हात जोडले.

"हे तर आमचे मामंजी," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मामंजी. मागे तेज बघा. आणि वडा बघा. वड्यावर अस्साच जीव होता."

गुरुदत्त वैद्य पुढे सरकले. त्यांनी तसबीर निरखून पाहिली आणि त्यांचा चेहरा पालटला. "मामंजी कुठले? हे आमचे तीर्थरूप. उजवा डोळा असाच बारीक करून रोग्याकडे बघायचे." पोस्टातले गृहस्थ म्हणाले की ही मान त्यांच्या थोरल्या चुलत्यांची आहे, ह्यात शंका नाही. मग एकच गलका झाला. अर्ध्या कल्याणचे पूर्वज त्या एका कावळ्यात निघाले. जो तो दुसऱ्याच्या आजोबांचं नाक असं नव्हतंच म्हणून भांडू लागला. परशुरामपंत मध्ये उभे राहून सांगत होते, "अहो, ते कुंकू आहे, भिंगावर कुंकू लागलंय," पण गाढवापुढे वाचली गीता. सोनं वाटायचं राहिलं, आपट्याची पानं तबकातच राहिली.

रावसाहेब तेवढे मागे उभे होते. गर्दी बाजूला झाली तेव्हा ते तसबिरीजवळ गेले. चाळशी लावली. बराच वेळ बघत राहिले.

"चौबळ," ते अगदी हळू म्हणाले, "आमचे दादासाहेब रागावले की असेच उभे राहायचे. एक पाय पुढे टाकून." मग चाळशी पुसत, "आमच्याकडे येत नाहीत. ह्याची एक प्रत मिळेल का? पानाशेजारी ठेवीन म्हणतो."

परशुरामपंतांना त्या म्हाताऱ्याची दया आली. अगदी खरी दया आली, हे इथे सांगितलं पाहिजे. पण ओसरीवर गोदाबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो रविवारचा मुहूर्त स्पष्ट दिसत होता.

"मिळेल," परशुरामपंत म्हणाले. "अर्ज करा."

दोन्ही हमाल आले तसे रिकाम्या हाताने परत गेले. रावसाहेबांचा अर्ज कचेरी उघडली त्या दिवशीच आला. त्यांच्याच सुंदर वळणाच्या अक्षरात, एकही काना-मात्रा न चुकता. परशुरामपंतांनी तो वाचला, लाल शाईची दौत पुढे ओढली आणि शेरा मारला : 'अर्ज परत. सदरहू पक्षी अर्जदाराचा वडील असल्याबद्दल पुरावा जोडलेला नाही. शिवाय अर्जदाराकडे बंदूक आहे.'

दोन दिवसांनी दुपारी कचेरीच्या पायऱ्या तेच दोन हमाल चढले. खांद्यावर रावसाहेबांची विलायती दुनळी बंदूक होती, काडतुसांची पेटी होती, आणि मागून रावसाहेब स्वतः चालत आले. कचेरी उभी राहिली. जुना मामलेदार होता तो.

"चौबळ," ते म्हणाले, "हे सरकारजमा करून घ्या."

परशुरामपंतांनी पावतीचा कागद घेतला. नाव लिहिलं, राहणार कल्याण लिहिलं, बंदुकीचं वर्णन लिहिलं. मग लेखणी थांबली. "इथे कारण लिहावं लागतं, रावसाहेब."

रावसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या कौलावर एक कावळा बसला होता, आणि तो बंदुकीकडे बघत होता.

"लिहा," ते म्हणाले. "वडील घाबरतात."

परशुरामपंतांनी ते लिहिलं. मग लाल शाईत लेखणी बुडवली, आणि खाली शेरा मारला : 'कारण समाधानकारक आहे.'